डोक्याचा मार आणि दोन हार्मोन्स

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर, लोणी ते माना या टप्प्यात, १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरी रस्ता झाला आणि गिनीज बुकात नोंद झाली. (एका पदराचे ७५, दुपदरी धरले तर साडेसदतीस, पण विक्रमाची बातमी इतकं कुठे सांगते!) रस्ता गुळगुळीत झाला की बाइकचा काटाही वर चढतो, आणि हेल्मेट बऱ्याचदा आरशाला लटकलेलं असतं.

मग अमरावतीचं इर्विन किंवा अकोल्याचं सर्वोपचार. तिथे नातेवाईक विचारतात, ‘मेंदूची सूज उतरवणारं एखादं इंजेक्शन नाही का?’ डॉक्टरांनीही हा प्रश्न पन्नास वर्षं स्वतःला विचारला, आणि दोनदा त्यांना वाटलं की उत्तर सापडलं. दोन्ही वेळा ते उत्तर हार्मोन होतं.

पहिलं म्हणजे स्टिरॉइड, आपल्या अॅड्रिनल ग्रंथीत तयार होणाऱ्या कॉर्टिसॉलचे कारखान्यातले भाऊबंद. १९६१ मध्ये अमेरिकेत मिनेसोटातल्या गॅलिसिच आणि फ्रेंच या डॉक्टरांनी दाखवलं की मेंदूत गाठ असलेल्या रुग्णांची सूज डेक्सामेथासोनने झपाट्याने उतरते. कवटी ही बंद पेटी; आत सूज आली की दाब वाढतो आणि मेंदू चिरडतो. मग गाठीच्या सुजेवर चालतं ते माराच्या सुजेवर का चालणार नाही? तर्क बिनचूक वाटत होता. पुढची काही दशकं अनेक देशांत डोक्याला मार लागलेल्यांना स्टिरॉइड दिलं गेलं. छोटे अभ्यास झाले, पण कोणाचा निकाल कोणाशी जुळेना.

शेवटी ‘क्रॅश’ नावाची चाचणी सुरू झाली. लंडनमधून चालवलेली, ४९ देशांतली २३९ रुग्णालयं, त्यात भारतातलीही. अर्ध्या रुग्णांना ४८ तास मिथाइलप्रेडनिसोलोन, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली सलाइन. कोणाला काय मिळालं हे डॉक्टरलाही माहीत नाही. वीस हजार रुग्ण घ्यायचे होते. १०,००८ वर २००४ मध्ये चाचणी थांबवली. कारण दोन आठवड्यांत स्टिरॉइडच्या गटात १,०५२ जण दगावले होते आणि दुसऱ्या गटात ८९३. म्हणजे २१.१ टक्के विरुद्ध १७.९ टक्के.

हा आकडा वाचून मला राग येत नाही, भीती वाटते. शंभरातले तीन जास्तीचे मृत्यू एका वॉर्डात कोणाच्याच डोळ्यांना दिसत नाहीत. अकोल्यातला कितीही अनुभवी डॉक्टर घ्या, त्याला वाटणार की मार जबर होता म्हणून गेला. ते दिसायला दहा हजार माणसं मोजावी लागली. त्याआधी किती गेले, याचा हिशेब कोण करणार?

दुसरं हार्मोन प्रोजेस्टेरॉन, गर्भ टिकावा म्हणून देतात तेच. अमेरिकेत डोनाल्ड स्टाइन यांना दिसलं की मेंदूला इजा झाल्यावर काही उंदरांच्या माद्यांना सूज कमी येते, आणि त्यांच्या रक्तात हे हार्मोन जास्त असतं. २००७ मध्ये शंभर रुग्णांच्या चाचणीत प्रोजेस्टेरॉन मिळालेल्यांत मृत्यू निम्म्याहून कमी. चीनमधूनही चांगली बातमी आली, दिल्लीच्या एम्सनेही ते तपासलं. मात्र डिसेंबर २०१४ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल एकदमच छापून आले, एक ८८२ रुग्णांची, दुसरी १,१९५ जणांची. दोन्हींत फायदा शून्य. त्याच वर्षी, जानेवारीत, महाराष्ट्रात १०८ नंबरची अँब्युलन्स सुरू झाली होती. हायवेवर पडलेल्या माणसाला दोन्हींतलं काय उपयोगी पडलं, ते उघड आहे.

म्हणून आता विचारलं तर उत्तर असं, की माराच्या सुजेसाठी जादा डोसचं स्टिरॉइड द्यायचं नाही. गाठीच्या सुजेवर मात्र ते आजही देतात, त्यामुळे ‘आमच्या काकांना दिलं होतं, याला का नाही?’ हा घोळ होतो.

हार्मोनची गोष्ट अजून एका जागी उरते. मेंदूच्या तळाशी, वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी एका नाजूक देठाला लटकलेली असते. जबर धक्क्यात तिलाही इजा होते. सहा महिन्यांनी जखम भरलेली, सीटी स्कॅन ठीक. पण पोरगं दिवसभर झोपतं, थकतं, चिडतं, मुलीची पाळी थांबते. घरचे म्हणतात, अॅक्सिडेंटनंतर आळशी झाला. अशा वेळी कॉर्टिसॉल आणि थायरॉइडची रक्त तपासणी करून घ्या. कमी असेल तेवढंच हार्मोन गोळीने भरून काढता येतं, आणि त्याचा गुण येतो.