दाताची मुळे आणि गिरणीचा खाडा

गिरणीतला चाकरमानी गणपतीला किंवा मे महिन्यात नांदगावी उतरला, की मुंबईच्या गोष्टी सांगताना मोकळा हसे. आणि हसला की दातांच्या रांगेतील खिंडारे दिसत. आमच्या लहानपणी हे घरोघरचे दृश्य होते. दात दुखला की वडीलधाऱ्यांचा सल्ला एकच : "काढून टाक, म्हंजे सुटतलंस!" दात वाचविता येतो हे कोणाच्या गावीही नव्हते. हे सारे अज्ञान, असे सुशिक्षित मंडळी म्हणतात. आमचे मत तसे नाही. ज्यास आज सर्रास 'रूट कॅनल' म्हणतात त्या उपचाराचा इतिहास आम्ही जमेल तसा वाचला, आणि त्यात आम्हांस विद्येच्या जोडीने खाड्याचाही हिशेब आढळला.

प्रथम रोग समजून घेऊ. दात बाहेरून दगडासारखा दिसला तरी आतून पोकळ असतो. वरचे कवच शरीरातील सर्वांत कठीण पदार्थाचे. त्याखाली दंतिनाचा थर. आणि त्याच्याही आत मऊ मगज. ह्या मगजातील रक्तवाहिन्या व मज्जातंतू मुळाच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म छिद्रांतून आत येतात. पुढच्या दातास बहुधा एक मूळ, दाढेस दोन किंवा तीन, आणि एकाच मुळात कधी दोन नळ्या. कीड मगजापर्यंत पोचली की मगज सुजतो. अंगावर गळू झाले तर कातडी ताणते, सुजेला जागा मिळते. येथे चारी बाजूंनी भिंती, तेव्हा सूज जाणार कोठे? म्हणून रात्री आडवे पडताच ठणका मस्तकात जातो. पुढे मगज मरतो, ठणका एकाएकी थांबतो, आणि माणूस समजतो की दात बरा झाला. वास्तविक तेव्हा रोग मुळाच्या टोकातून हाडात उतरत असतो.

उपचार असा, की मगज काढावा, नळ्या टोकापर्यंत घासून धुवाव्या, आणि जंतू पुन्हा शिरू नयेत अशा भरून बंद कराव्या. मगज गेला तरी दात टिकतो, कारण जबड्यात त्यास धरून ठेवणारे तंतू बाहेरचे असतात व ते जिवंत राहतात. पोखरलेली दाढ चावताना फुटू नये म्हणून तिच्यावर बहुधा टोपी बसवितात.

किडलेल्या दाताची पोकळी गुळाने किंवा मेणाने भरून डागावी, असे वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त आहे. म्हणजे रोग जाळावा व पोकळी भरावी ही कल्पना आपल्याकडे जुनीच. परंतु मुळात उतरण्याचे हत्यार नव्हते. ते कोठून आले हे पाहताना, कारखान्यांच्या दारांत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यास मोठी गंमत वाटते. अमेरिकेतील मेनार्ड नावाच्या दंतवैद्याने १८३८ च्या सुमारास घड्याळाची स्प्रिंग घासून मुळात शिरणारी बारीक सळई केली. हाच गृहस्थ पुढे बंदुकांच्या शोधांसाठी नावाजला! नळी भरण्यासाठी बोमन ह्याने १८६७ मध्ये गटापर्चा वापरला. हा मलायातील एका झाडाचा चीक. समुद्राखालच्या तारायंत्राच्या तारांवर ह्याचेच वेष्टण असे. १८७० साली मुंबई एडनमार्गे सुएझला जोडली गेली तेव्हा ह्याच चिकाच्या जोरावर. आपल्याकडे ज्या ओवळाच्या, म्हणजे बकुळीच्या, सालीने दात घट्ट होतात म्हणतात, ती बकुळ आणि हे झाड एकाच कुळातले, चिकूही त्यातलाच. नळ्या धुण्याचे पाणी म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. कापड गिरणीच्या ब्लीचिंग खात्यात ज्याच्या वासाने डोळे चुरचुरत, तेच हे. पहिल्या महायुद्धात डेकिन ह्या रसायनज्ञाने ते सौम्य करून जखमा धुण्यास दिले, आणि १९३६ पासून ते दातांच्या मुळांत जाऊ लागले. क्ष-किरण १८९५ चे, बधिर करणारे नोव्होकेन १९०५ चे.

एवढी तयारी झाल्यावर उपचाराचा प्रसार व्हावा, तर मध्येच उलटे वारे सुटले. १९१० साली हंटर ह्या इंग्रज डॉक्टराने माँट्रिअल येथे व्याख्यान देऊन, दुरुस्त केलेल्या दातांखालील घाण सर्व शरीरात रोग पसरविते, असा गहजब केला. त्यापायी पुढील वीस-तीस वर्षे पाश्चात्त्य देशांत लक्षावधी दात उपटले गेले, बरेचसे विनाकारण. हा सिद्धान्त पुराव्यास उतरला नाही, आणि मुळांचा उपचार पुन्हा मानास चढला.

आता मुंबईकडे वळू. तेथे नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ साली सुरू झाले. त्याच रुग्णालयाशी जोडलेल्या वैद्यक महाविद्यालयास टोपीवाला हे नाव आहे, जे मालवणच्या हायस्कुलामुळे आपल्या जिल्ह्यात सर्वतोमुखी आहे. लालबाग-परळच्या चाळींतून ही जागा काही फार दूर नव्हे. १९४८ साली दंतवैद्यांचा कायदा झाला. त्याच वर्षी कामगार राज्य विम्याचाही झाला, व १९५४ मध्ये ती योजना मुंबईस आली. विद्या होती, इस्पितळ होते, विम्याचे कार्डही होते. मग आमच्या चाकरमान्यांचे दात का गेले?

दात उपटण्यास एक फेरी लागे. मुळांच्या उपचारास त्या काळी तीन-चार. बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या दरवाजाशी उभा राही. हजर असेल तर कामाची आशा, नसेल तर त्याच्या जागी दुसरा. तीन-चार खाडे म्हणजे गावच्या मनिऑर्डरीतून तेवढी कपात. अशा माणसाने दात उपटून घेतला तर त्याचा हिशेब चुकला असे आम्ही म्हणणार नाही. हिशेब मांडणारे दुसरेच होते. आमच्या चळवळीने बोनस व महागाई भत्ता ह्यांसाठी जिवाचे रान केले, ते योग्यच. पण इस्पितळात जाण्यासाठी भरपगारी सुट्टी हवी, ह्यावर जितके भांडावयास हवे होते तितके आपण भांडलो नाही. हा दोष आम्ही आपल्याकडे घेतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढे गिरण्या एकामागून एक बंद झाल्या, आणि नोकरीबरोबर विम्याचे कार्डही गेले. कित्येकजण कायमचे गावी आले. कोणाच्या तोंडात कवळी, कोणाच्या तीही नाही.

अलीकडे काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका बाईंस आम्ही कणकवलीस दंतवैद्याकडे नेले. वर्षानुवर्षे मशेरी लावून हिरड्या खराब झालेल्या. त्या सवयीबद्दल डॉक्टरांनी त्यांस प्रथम चांगले सुनावले. मग क्ष-किरणांचे चित्र उजेडासमोर धरून, दाढ वाचेल, असे म्हणाले. पैशांचे विचारण्याआधी बाईंनी विचारले, "खाडे किती पडतले?"

"दोन फेऱ्या लागतील."

बोटांवर थोडा वेळ हिशेब करून त्या म्हणाल्या, "डॉक्टरांनू, एक फेरी आयतवारी घेवा."

रविवारी दवाखाना बंद असतो. डॉक्टरांनी वहीत पाहिले, आणि सकाळी आठास यावयास सांगितले.