शिंक, हंडा आणि ओटीपोटाची फिजिओथेरपी

पायलट मुलाखतींचा पहिला दिवस. कराडजवळच्या एका गावात मी प्रश्नावली वाचत होते, "आपणास मूत्र-असंयमाचा त्रास आहे का?" ओळीने सगळ्या बायकांचं उत्तर 'नाही'. शेवटच्या आजी उठता उठता म्हणाल्या, "असला आजार न्हाई बाई मला. नुस्ती शिंक आली की लुगडं वलं हुतंय." माझ्या तक्त्यात त्यांच्यापुढे शून्य पडलेलं होतं.

त्यानंतर मी या विषयाचा इतिहास वाचायला घेतला. ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे स्नायू असतात. मूत्राशय, पिशवी आणि गुदाशय त्यांच्या आधारावर राहतात. बाळंतपणं, जड ओझी, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ यांनी ही झोळी सैल पडू शकते. मग लघवी निसटते, किंवा आपल्याकडे म्हणतात तसं 'अंग बाहेर येतं'. १९४८ साली अमेरिकेत आर्नल्ड केगेल या स्त्रीरोगतज्ज्ञाने या स्नायूंच्या व्यायामावर निबंध लिहिला. त्याच्याकडे दाब मोजणारं एक साधं उपकरण होतं. आपण आवळतोय ते बरोबर की नाही, हे बाईला स्वतःला काट्यावर दिसायचं. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

आपल्याकडे गाजल्या त्या शस्त्रक्रिया. मुंबईच्या डॉ. वि. ना. शिरोडकरांनी आणि डॉ. बी. एन. पुरंदरेंनी तरुण बायकांची पिशवी न काढता ती वर बांधून ठेवायच्या पद्धती काढल्या. त्या आजही त्यांच्याच नावाने शिकवतात. फिजिओथेरपीचं शिक्षण केईएममध्ये सुरू झालं ते १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने. पण ओटीपोटाच्या व्यायामासाठी वेगळी ओपीडी ही आजही मोठ्या शहरांत सापडणारी गोष्ट आहे. खेड्यातल्या बाईपुढे पर्याय दोनच: सोसा, नाहीतर पिशवी काढा. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. कारणं अनेक होती, सगळी आपल्या विषयातली नव्हेत. पण दर हंगामात सातारा-सांगलीच्या फडांवर ऊस तोडायला बीडच्याही टोळ्या येतात, त्यामुळे तो आकडा मला लांबचा वाटत नाही.

आता तुमच्या कामाचा संदर्भ. डॉ. राणी आणि अभय बंग यांचा गडचिरोलीचा अभ्यास, 'लॅन्सेट', १९८९. दोन गावं, ६५० स्त्रिया, त्यातल्या ९२ टक्क्यांना काही ना काही स्त्रीरोग. हा आकडा सगळे उचलतात आणि निम्मे चुकीचा वापरतात. त्यात संसर्गांचा वाटा मोठा होता, तो 'अंग बाहेर येण्याचा' आकडा नाही. मला त्यातली दुसरी नोंद जास्त अस्वस्थ करते: त्याआधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या बायका फक्त ८ टक्के.

म्हणून मुलाखतीला जाण्याआधी फिजिओथेरपिस्टकडे नेमकं काय होतं ते माहीत करून घ्या, कारण बायका तुम्हालाच विचारणार. पहिला बराच वेळ बोलण्यात जातो: बाळंतपणं किती, ओझं काय उचलता, पाणी किती पिता, लघवीला कितीदा जाता. दोन-तीन दिवसांची नोंदवही लिहायला देतात. मग श्वास, पोट, कंबर बघतात. आतली तपासणी हातमोजा घालून, एका बोटाने, आणि ती बाईच्या संमतीनेच. नको म्हणता येतं, मध्येच थांबवता येतं, सोबत बाईमाणूस मागता येतं. ताकद ० ते ५ अशी मोजतात. आतली तपासणी नको असेल तरी व्यायाम शिकता येतो. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांत दिवसातून तीनदा, दर वेळी किमान आठदा आवळणं, आणि हे निदान तीन महिने असं आहे. आठवड्यात फरक दिसला नाही म्हणून सोडणाऱ्या खूप. लघवीतून रक्त जात असेल तर मात्र आधी डॉक्टर.

प्रश्न मी बदलला: "शिंकताना, खोकताना, हंडा उचलताना लघवी निसटते का?" तासगाव तालुक्यातल्या पुढच्या फेरीत एक बाई उत्तर द्यायच्या आधी मलाच म्हणाली, "तिथं तपासायला बाई असती का बाप्या?" हा प्रश्न मी माहितीपत्रकात घातलाच नव्हता. आता तो पहिल्या ओळीत आहे.