चावडीवरचा रेडिओ ते घरातलं होम थिएटर



सोयाबीनचा पैसा हाती आला आणि दिवाळी जवळ आली, की नांदेड-लातूरच्या दुकानांत होम थिएटरच्या खोक्यांची रास लागते. लेकरं हट्ट धरतात, घरधनी म्हणतात घेऊन टाकू, आणि पैसे कमी पडले की गटाच्या कर्जाची आठवण होते. कर्ज फेडायचं आपल्याला. म्हणून आज आपण आवाजाच्या यंत्राची गोष्ट थोडी मागून पाहू. आपल्या मुलखात हे यंत्र कसं आलं, कुणाच्या हाती राहिलं, हे समजलं की निवड सोपी होते.

होम थिएटरमधल्या मुख्य डब्याला रिसिव्हर म्हणतात, म्हणजे घेणारा. टीव्ही, मोबाईल, पेनड्राइव्ह यांच्याकडून तो आवाज घेतो, मोठा करतो आणि स्पीकरांना वाटून देतो. जुना रेडिओ हाही रिसिव्हरच होता. तो हवेतून आवाज घ्यायचा, एवढाच फरक.

आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1935 पासून निजाम सरकार हैदराबादहून रेडिओ चालवत होतं. त्याला डेक्कन रेडिओ म्हणत. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाने शरणागती जाहीर केली ती याच रेडिओवरून. आज आपण ज्या दिवशी मुक्तिसंग्राम दिनाचा झेंडा फडकवतो, त्या दिवसाची बातमी अशी आवाजानेच पसरली. पण गावात रेडिओ असायचा किती जणांकडे? देशमुख, व्यापारी, एखादा वकील. यंत्र मोठं, आत काचेचे व्हॉल्व्ह. ते तापल्याशिवाय आवाज निघत नसे. वीज नसेल तिथे जड बॅटरी लागे, आणि ती संपली की यंत्र गप्प. वर परवानाही घ्यावा लागे. दरवर्षी टपाल कचेरीत फी भरायची. ही फी 1985 मध्ये पूर्ण बंद झाली. म्हणजे रेडिओ विकत घेणं हा खर्चाचा फक्त पहिला हप्ता होता. खरा खर्च तो चालवण्याचा.

मग सरकारने गावासाठी एक रेडिओ अशी वाट काढली. 1956 च्या सुरुवातीला पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या 150 गावांत युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग झाला. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास शेतीचा कार्यक्रम. लोकांनी एकत्र बसून ऐकायचं, मग त्यावर बोलायचं. ऐकून नुसतं उठून जाण्यापेक्षा चर्चा करणाऱ्या गावांना जास्त कळलं, जास्त लक्षात राहिलं. आपली गावं त्यात नव्हती, कारण मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यातच होता. 1 नोव्हेंबर 1956 ला तो मुंबई राज्यात आला.

सामुदायिक रेडिओ चांगला, पण तो असायचा कुठे? चावडीवर. आणि चावडीवर बाई बसणार कशी? आवाज गावात आला, पण तो आपल्या कानापर्यंत भिंतीआडून आला.

ही भिंत पाडली ती लहानशा ट्रान्झिस्टरने. 1947 मध्ये अमेरिकेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला, 1954 मध्ये तिथे खिशात मावणारा रेडिओ विकायला आला आणि पुढे तो आपल्याकडे पोचला. त्याला तापावं लागत नाही, वीज फार थोडी लागते, म्हणून साध्या सेलवर चालतो. 1968 मध्ये परभणीला आकाशवाणी केंद्र झालं आणि आपल्याच मुलखातला आवाज येऊ लागला. आता रेडिओ चुलीजवळच्या फळीवर ठेवता आला, खुरपणीला जाताना धुऱ्यावर ठेवता आला. तो मोठ्या यंत्रापेक्षा कमी वाजायचा, पण बाईच्या हाती आला.

या इतिहासातून एवढंच घ्यायचं, की यंत्र किती मोठं यापेक्षा ते कोण, कुठे, कशाला ऐकणार हे आधी ठरवायचं. हाच नियम होम थिएटरला लावून बघू.

खोक्यावर हजारांत वॅट छापलेले असतात. बारीक अक्षरात पीएमपीओ लिहिलं असेल तर तो आकडा सोडून द्या, तो मोजायचा ठरलेला नियमच नाही. आरएमएस वॅट विचारा. आणि 50 च्या जागी 100 वॅट घेतलं तर आवाज दुप्पट होत नाही, थोडासाच वाढतो. कानाला दुप्पट वाटायला वीज साधारण दहापट लागते. मग जास्तीच्या वॅटसाठी कर्ज कशाला?

दुसरं, पाच अधिक एक म्हणजे पाच स्पीकर आणि धमधम करणारा एक. ते चारी बाजूंनी लावून ऐकणाऱ्याने मधे बसायचं असतं. दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे एका बाजूला कपाट आणि दुसऱ्या बाजूला धान्याच्या कणग्या, तिथे मागचे स्पीकर लावणार कुठे? त्याच पैशात साधा रिसिव्हर आणि दोन चांगले स्पीकर घेतले तर बोलणं स्वच्छ ऐकू येतं. पत्र्याच्या किंवा सिमेंटच्या खोलीत आवाज घुमत असेल तर मागच्या भिंतीला जाड गोधडी टांगा, घुमणं कमी होतं.

तिसरं, रिसिव्हर आणि स्पीकर दोन्हींच्या मागे ओहमचा आकडा असतो. रिसिव्हरवर 8 लिहिलं असेल तर 4 चे स्पीकर जोडू नका, यंत्र तापून बिघडतं. आपल्या टीव्हीला कोणती वायर लागते, त्या पिनचा मोबाईलवर फोटो काढून दुकानात न्या. गावात वीज कमी-जास्त होत असेल तर स्टॅबिलायझरचा खर्चही धरा. दुरुस्ती तालुक्याला होते का, हेही विचारा. आणि वाजवून ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका. गाणं नको, बातम्या लावून ऐका. शब्द न् शब्द कळला पाहिजे.

गटासाठी घेत असाल तर ते कुणाच्या घरी राहील, किल्ली कुणाकडे आणि वीजबिल कोण भरणार, हे आधीच ठरावाच्या वहीत लिहा. नाहीतर चावडीच्या रेडिओसारखं होईल, पैसा सगळ्यांचा आणि ऐकणारे दोघेतिघे.

शेवटचं एक. नवं यंत्र आलं तरी सेलवरचा रेडिओ भंगारात देऊ नका. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप पाहिलेल्या मुलखाला हे वेगळं सांगायला नको. वीज गेली की होम थिएटर बंद, मोबाईलचा टॉवर गेला की मोबाईल बंद. दोन सेल आणि एक लहान रेडिओ घरात असू द्या, आणि तो कुठे ठेवलाय ते लेकीसुनांनाही माहीत असू द्या.