चवदार तळ्यावरील भाषण : एका वकिलाचे वाचन

देवासला मीठा तालाब नावाचा एक तलाव आहे. हिंदीत 'मीठा' म्हणजे गोड. मराठी कानाला मात्र त्या नावात आधी मीठच ऐकू येते. हे नाव मराठीत उतरवावयाचे झाले तर 'चवदार तळे' याहून चांगला शब्द सापडणार नाही, आणि त्या नावाचे तळे महाडला आहे. धार-देवासच्या मराठी वाचकास महाड दूरचे वाटेल. परंतु ज्या पुरुषामुळे ते तळे इतिहासात गेले, तो त्याच्याच शेजारचा. डॉ. भीमराव आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक. महूच्या पश्चिमेस धार आहे, तर ईशान्येस, इंदूर ओलांडले की, देवास.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे आंबेडकरांनी केलेले भाषण मराठीत आहे, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. त्यांची गाजलेली बहुतेक राजकीय भाषणे इंग्रजीत झाली; हे मात्र आपल्या भाषेत, आपल्या लोकांपुढे झाले. म्हणून त्याचा विचार भाषेच्या अंगाने करणे योग्य ठरेल.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यास अनुसरून तळे खुले केले, पण केवळ कागदावर. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकर व त्यांचे सहकारी प्रत्यक्ष तळ्यावर जाऊन पाणी प्याले. त्याच दिवशी परिषदेच्या मंडळींवर हल्ला झाला आणि पुढे तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. डिसेंबरात सत्याग्रह ठरला, तेव्हा काही स्पृश्य हिंदूंनी दिवाणी दावा लावला आणि १४ डिसेंबर रोजी न्यायालयाकडून तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. परिषदेस गावात जागा मिळेना. अखेर ती एका मुसलमान गृहस्थाच्या जमिनीवर भरली.

असे हे भाषण, अंगावर मनाई हुकूम असताना झालेले. वक्त्यापुढे हजारो लोक बसले आहेत आणि त्यांना तहान लागली आहे ती केवळ पाण्याची नव्हे. सामान्य वक्ता येथे काय करील? तो पाण्याचे महत्त्व वाढवील. तहानेने व्याकूळ झालेल्या लेकराचे चित्र रंगवील, श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आणील. आंबेडकर नेमके उलट करतात. ते पाण्याची किंमत शून्यावर आणतात. या तळ्याचे पाणी पिऊन आपण अमर होणार नाही, आणि आजवर ते प्यालो नाही म्हणून मेलोही नाही, असे ते रोखठोक सांगतात. मग तेथे जावयाचे कशासाठी? इतरांप्रमाणे आपणही माणसे आहोत, हे सिद्ध करण्यासाठी.

वकिली व्यवसायातील मंडळींना यातील मर्म चटकन उमगेल. दिवाणी कायद्यात मनाईचा दावा वेगळा आणि घोषणेचा दावा वेगळा. १८७७ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ४२ नुसार कोणत्याही इसमास आपला कायदेशीर दर्जा न्यायालयाकडून घोषित करून मागता येई. आजच्या, १९६३ च्या कायद्यात तेच कलम ३४ आहे. प्रतिपक्ष न्यायालयात मनाई मागत होता. आंबेडकरांनी मंडपात घोषणेचा दावा मांडला. त्यात वस्तू गौण आणि दर्जा मुख्य. तळ्यावर मुसलमान जातात, ख्रिस्ती जातात, गुरेढोरे पाणी पितात. तेव्हा आमच्या स्पर्शाने पाणी बिघडते ही भीती खरी नव्हे. पाणी पिऊ दिले तर हलके ठरविलेले लोक बरोबरीचे आहेत अशी कबुली द्यावी लागेल, हे खरे दुखणे. प्रतिपक्षाचा हेतू त्याच्याच वर्तनातून शाबीत करण्याची ही रीत उलटतपासणीची आहे.

भाषेकडे वळू. या सभेचा हेतू सांगताना त्यांनी योजलेला शब्द आहे 'मुहूर्तमेढ', समतेची मुहूर्तमेढ. मुहूर्तमेढ रोवली जाते ती लग्नमंडपाची. तो शब्द ज्योतिषाचा, पुरोहिताचा, मंगलकार्याचा. जी व्यवस्था मोडावयाची तिच्याच घरातील शब्द उचलून तो समतेच्या दाराशी रोवला. पुढे याच भाषणात बेटीबंदी हे अस्पृश्यतेचे मूळ असल्याचे ते प्रतिपादन करतात, तेव्हा लग्नमंडपाचा तो शब्द अधिकच बोलका होतो. हे योजून केले की सहज घडले, याचा निवाडा मी करणार नाही. मराठी मुरलेल्या माणसाच्या तोंडी असे शब्द न बोलावता येतात.

याच्या सात वर्षे आधी, मार्च १९२० मध्ये, कागल जहागिरीतील माणगाव परिषदेत शाहू छत्रपतींनी याच आंबेडकरांना अस्पृश्यांचे पुढारी म्हणून गौरविले होते. देवासकरांना शाहू परके नव्हेत. त्यांची कन्या अक्कासाहेब देवास थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवारांना दिलेली होती. माणगावचे भाषण उदार राजाचे आहे, मनापासूनचे आहे. तरीही त्यातील क्रियापदे देणाऱ्याची आहेत. महाडला देणारा कोणी उरलेला नाही. मला हा फरक त्या सात वर्षांतील सर्वांत मोठी घटना वाटतो.

भाषणाचा मोठा भाग फ्रान्सने व्यापला आहे. १७८९ मध्ये व्हर्सायला भरलेली राष्ट्रीय सभा आणि महाडची ही सभा यांची ते तुलना करतात, आणि मानवी हक्कांचा फ्रेंच जाहीरनामा श्रोत्यांपुढे ठेवतात. कोकणातील शेतकरी, निवृत्त शिपाई, गावकामगार यांच्यापुढे व्हर्साय! काहींना हे पांडित्यप्रदर्शन वाटते. मला ती निकड वाटते. तुलनेसाठी मार्टिन ल्यूथर किंग यांचे २८ ऑगस्ट १९६३ चे वॉशिंग्टनचे भाषण घ्यावे. काळ्या नागरिकांना अमेरिकेने लिहून दिलेली वचनचिठ्ठी वटली नाही, धनादेश परत आला, असे रूपक किंग यांनी वापरले. धनादेश न वटल्याच्या खटल्यांत ज्यांचे आयुष्य गेले त्या वकिलांना ते फार भावते! परंतु किंग यांच्या हाती दस्तऐवज होता. स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि संविधान यांवर त्यांच्या देशाच्या संस्थापकांची सही होती. १९२७ मध्ये आंबेडकरांच्या हाती काय होते? कायदेमंडळाचा एक ठराव आणि नगरपालिकेचा एक कागद. समाजाने मानलेला जो ग्रंथ होता, तो त्यांच्याविरुद्ध होता. म्हणून दस्तऐवज परदेशातून आणावा लागला. परिषदेने हिंदूंच्या जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा ठरावरूपाने संमत केला आणि त्याच रात्री मनुस्मृती जाळण्यात आली. एक दस्तऐवज दाखल झाला, दुसरा बाद झाला.

मनाई हुकूम लक्षात घेऊन परिषदेने प्रत्यक्ष सत्याग्रह तहकूब केला. दावा चालत राहिला. 'नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर' या अपिलाचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला. ब्रूमफील्ड व वाडिया या न्यायमूर्तींनी अपील फेटाळले. कारण काय, तर अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादि काळापासूनची असल्याचे वादी शाबीत करू शकले नाहीत. निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला, पण प्रश्न ठरला रूढीच्या वयाचा. माणसाच्या दर्जाची जी घोषणा महाडच्या मंडपात मागितली होती, ती त्या निकालपत्रात शोधून सापडत नाही.

ती सापडते संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये. त्याचा दुसरा खंड सार्वजनिक उपयोगाच्या जागांची यादी देतो, आणि त्या यादीत विहिरींच्या लगोलग तलाव येतात. धार आणि देवासची दोन्ही राज्ये १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झालेली होती. २६ जानेवारी १९५० रोजी तो खंड धारच्या मुंज तलावास लागू झाला, देवासच्या मीठा तालाबासही झाला, आणि महाडच्या तळ्यासही.