गर्भवतीचा आकस्मिक संभ्रम : निदानाचा ऐतिहासिक मागोवा

गर्भवती स्त्री एकाएकी असंबद्ध बोलू लागली, घरची माणसे ओळखेनाशी झाली, तर ते मनाचे दुखणे मानावयाचे की शरीराचे? वैद्यकाने या प्रश्नाला वेळोवेळी दिलेल्या उत्तरांचा मागोवा घेणे एवढाच प्रस्तुत लेखाचा मर्यादित हेतू आहे. मात्र या उत्तरावर रुग्णेचे प्राण अवलंबून असत, हे आरंभीच ध्यानात घ्यावयास हवे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील युरोपीय प्रसूतिग्रंथ गर्भवतीला येणाऱ्या आकडीचे अपस्मारी, हिस्टेरिक आणि रक्तमूर्च्छेची असे प्रकार पाडीत. हे वर्गीकरण सर्वस्वी बाह्य रूपावर आधारलेले होते. आकडीपूर्वीची तीव्र डोकेदुखी, नजरेपुढची अंधारी, आकडीनंतरची भ्रमावस्था यांची वर्णने या ग्रंथांत सापडतात. परंतु त्यांना जोडणारा शारीरिक दुवा हाती नव्हता. तो १८४३ मध्ये लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील जॉन लीव्हर यांनी पुढे आणला. मूत्रपिंडाच्या विकारात लघवीतून अल्ब्युमिन जाते, हे याच रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी आधी दाखवून दिले होते. लीव्हर यांनी आकडी आलेल्या दहा स्त्रियांची लघवी तपासली. नऊ जणींच्या लघवीत अल्ब्युमिन आढळले. ते एवढ्यावर थांबले नाहीत. पन्नासांहून अधिक अन्य स्त्रियांची लघवीही त्यांनी तपासली. ज्यांना आकडी आली किंवा तिची पूर्वलक्षणे दिसली, त्यांच्याखेरीज कोणातही अल्ब्युमिन नव्हते. तुलनेसाठी निरोगी व्यक्तींची तपासणी करण्याची ही दक्षता, आमच्या मते, मूळ शोधाइतकीच मोलाची आहे. लघवी उकळून ती गढूळ होते का, हे पाहण्यास ना मोठे यंत्र लागे, ना मोठा खर्च. रक्तदाब मोजण्याचे रिवा-रोची यांचे उपकरण येण्यास त्यानंतर अर्धशतक जावे लागले (१८९६).

लुई-व्हिक्टर मार्से यांचा गर्भवती, बाळंतीण व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांच्या वेडावरील फ्रेंच ग्रंथ १८५८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या नोंदींत गरोदरपणी सुरू झालेल्या वेडाचे प्रमाण सर्वांत कमी आणि बाळंतपणानंतरचे बरेच अधिक आहे. यातून निघणारा अर्थ महत्त्वाचा आहे : पूर्वी मनोविकार नसलेली स्त्री गरोदरपणीच अकस्मात भ्रमिष्ट झाली, तर शारीरिक कारण आधी शोधणे हेच तर्काला धरून आहे.

कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये संभ्रम, डोळ्यांच्या स्नायूंची दुर्बलता आणि तोल जाणे ही लक्षणत्रयी वर्णिली. त्यांच्या तीन रुग्णांपैकी दोघे मद्यपी पुरुष होते. तिसरी, विषप्राशनानंतर सतत उलट्या होणारी एक तरुण स्त्री होती. ती गर्भवती नसली, तरी आठवडेच्या आठवडे ओकाऱ्यांनी खंगलेल्या गर्भवतींतही हाच विकार होतो, आणि त्याचे मूळ थायमिनच्या, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाच्या अभावात आहे, हे पुढे स्पष्ट झाले. अशा रुग्णेस ग्लुकोजचे सलाईन लावण्याआधी थायमिन देण्याचा प्रघात त्यातूनच आला.

आपल्या देशातील सर्वांत बोलके उदाहरण काश्मीरचे आहे. १९७८ मध्ये तेथील खोऱ्यात दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली. डॉ. मोहम्मद सुलतान खुरू व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०८ गर्भवतींपैकी ३६ जणींना (१७.३ टक्के) कावीळ झाली, गर्भवती नसलेल्या स्त्रियांत हे प्रमाण २.१ टक्के होते. त्या ३६ पैकी आठ जणींचे यकृत झपाट्याने निकामी झाले. गर्भवती नसलेल्या स्त्रियांत असे एकही उदाहरण नव्हते. यकृत निकामी झाल्यावर बरळणे, दिवस-रात्रीचे भान सुटणे आणि अखेर बेशुद्धी असा क्रम असतो. पहिल्या पायरीवर तो वेडासारखाच भासतो, मात्र डोळ्यांचा पिवळेपणा त्याला वेगळे पाडतो. हा आजार ज्ञात 'अ' वा 'ब' प्रकारांत बसत नव्हता. त्यामागील विषाणू १९८३ मध्ये प्रथम दृष्टीस पडला आणि पुढे 'ई' या अक्षराने ओळखला जाऊ लागला.