विंटर हिल
विंटर हिल ही इंग्लंडमधील लँकाशायर परगण्यातील, बोल्टन शहराच्या वायव्येस असलेली टेकडी आहे. तिची उंची ४५६ मीटर असून ती वेस्ट पेनाइन मूर्स या माळरानातील सर्वोच्च स्थान आहे. लेक डिस्ट्रिक्टमधील शिखरांच्या तुलनेत ती अल्पपरिचित असली, तरी पायवाटांवरील सार्वजनिक हक्काच्या लढ्यात तिला महत्त्वाचे स्थान आहे.

भूगोल
टेकडीचा माथा रुंद व उतार सौम्य आहे. वालुकाश्मावर पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा काळसर थर असून त्यावर हीदर व कापूसगवत वाढते. पीट पाणी धरून ठेवत असल्याने जमीन बराच काळ दलदलीची राहते. डग्लस नदी येथेच उगम पावते. माथ्यावर सुमारे ३०० मीटर उंचीचा दूरचित्रवाणी मनोरा आहे.

१८९६चे आंदोलन
स्मिथिल्स जहागिरीचे मालक कर्नल रिचर्ड हेन्री एन्सवर्थ यांनी टेकडीकडे जाणारा कोलपिट रोड हा वहिवाटीचा रस्ता फाटक लावून बंद केला. हा माळ ग्राऊस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेला होता. ६ सप्टेंबर १८९६ रोजी, रविवारी, बोल्टनमधील हजारो नागरिकांनी फाटक मोडून माळावर प्रवेश केला. सहभागींची संख्या सुमारे १०,००० मानली जाते. एन्सवर्थ यांनी पत्रकार सॉलोमन पार्टिंग्टन व इतर पुढाऱ्यांविरुद्ध दावा लावला. १८९७ मध्ये निकाल एन्सवर्थ यांच्या बाजूने लागला व रस्ता बंदच राहिला. या वाटेस सार्वजनिक मार्गाचा अधिकृत दर्जा १९९६ मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनी मिळाला. किंडर स्काउट येथील १९३२चे सुमारे ४०० जणांचे आंदोलन मात्र अधिक प्रसिद्ध झाले.

दुर्घटना
२७ फेब्रुवारी १९५८ रोजी आइल ऑफ मॅनहून मँचेस्टरकडे जाणारे विमान टेकडीवर आदळून ३५ जण मृत्युमुखी पडले. जून २०१८ मध्ये लागलेली आग पीटमध्ये खोलवर शिरल्याने अनेक आठवडे धुमसत होती.

पदभ्रमण
रिव्हिंग्टन गावातून १७३३ मध्ये बांधलेल्या रिव्हिंग्टन पाइकवरील मनोऱ्यामार्गे, तसेच स्मिथिल्सकडून कोलपिट रोडने माथ्यावर जाता येते. चढ अवघड नाही. परंतु धुक्यात खुणा दिसेनाशा होतात आणि वाट सोडल्यास पाय दलदलीत रुततो.