हरिभाऊ आणि आठवड्याचा तगादा
हरि नारायण आपटे (1864–1919) यांचा परिचय बहुधा जन्मगाव, शिक्षण, ग्रंथसूची अशा ठरीव वाटेने जातो; पण त्यांच्यातला कादंबरीकार उलगडतो तो त्यांच्या संपादनाखालच्या ‘करमणूक’ साप्ताहिकाच्या धबडग्यातून. 1890 साली ते निघालं आणि ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी त्यात क्रमशः येऊ लागली. पाल्हाळ, ‘आजच’सारखी अर्धवट राहिलेली कादंबरी, या साऱ्यांत दर आठवड्याचा तगादा दिसतो. कुणी म्हणेल, तगादा तर सगळ्याच संपादकांमागे होता. मग या कादंबरीची नायिका यमू हरिभाऊंनाच कशी सुचली? आक्षेप रास्त आहे. यमूचं दुःख साप्ताहिकातून निघत नाही. मात्र तिची घरगुती, जवळ बसून बोलल्यासारखी आत्मकथा इतकी ऐसपैस का पसरली, याचा उलगडा तिथेच होतो.